आयआयटीत अक्षरे शिकायला

दोन वर्षे आमच्या घरात एक वाक्य नेहमी अर्धेच बोलले जात होते. कुणी विचारले, "मोठी मुलगी हल्ली काय करते?" की भाईजान सांगायचे, "मुंबईला आयआयटीत आहे." समोरचा माणूस "माशाअल्लाह!" म्हणायचा, आपल्या मुलाला कोणता क्लास लावावा ते विचारायचा आणि भाईजान हळूच विषय बदलायचे. वाक्याचा उरलेला अर्धा भाग असा होता की ती तिथे डिझाइन शिकते, चित्रे काढते, अक्षरे घडवते. तो भाग भाईजानांनी कधी उच्चारला नाही. खरे सांगायचे तर मीही उच्चारला नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी विचारले की मीसुद्धा "आयआयटी" एवढेच सांगून चहाचा कप तोंडाला लावत असे.

आमच्या घरात चित्र आणि अक्षर या विषयावर गप्प बसण्याला कारण होते. ते आधी सांगते.

आमचे अब्बा सोलापुरात कातिब होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नाही. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे उतरत जाते. एकेक अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आपले रूप बदलते. शिशाच्या खिळ्यांत ही लिपी नीट बसवता येत नसे. म्हणून मराठी वर्तमानपत्रे खिळे जुळवून छापली जात, त्या काळातही उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके आधी हाताने लिहिली जात आणि मग त्या लिखाणावरून छपाई होई. ते लिहिणारा तो कातिब. अब्बा लग्नाच्या पत्रिका लिहीत, मुशायऱ्याची पोस्टर्स लिहीत, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका लिहीत. बोरू ते स्वतः तासत. मराठी दुकानांच्या पाट्याही लिहीत, कारण मोहल्ल्याबाहेरचे गिऱ्हाईक मराठी होते. दोन्ही लिप्यांसाठी बोरूचा काप वेगळा असे आणि त्यांच्या पत्र्याच्या डब्यात दोन्ही प्रकारचे बोरू वेगवेगळ्या चिंधीत गुंडाळलेले असत.

अम्मी त्यांना शाई घोटून देई आणि मी शेजारी बसून पाहत असे. अब्बा आधी बोरूच्या टोकाने कागदावर एकाखाली एक तीन ठिपके उमटवत आणि म्हणत, "बघ, अलिफ एवढा उंच. ना कमी, ना जास्त." तो ठिपका म्हणजे त्यांची फूटपट्टी. बोरू जाड असेल तर ठिपका मोठा, म्हणून अक्षरही मोठे, पण प्रमाण तेच. दहाव्या शतकात बगदादला इब्ने मुक़्ला नावाचा एक वजीर होऊन गेला. अक्षराची उंची आणि गोलाई ठिपक्यांनी मोजायची ही रीत त्याच्या नावाने ओळखली जाते. हे मला फार पुढे वाचनात आले. लहानपणी मला एवढेच कळत होते की अब्बा लिहितात तेव्हा मोजत असतात.

मग काँप्युटर आला. १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात नस्तालीकचे हजारो जोड यंत्रात बसवले गेले होते. १९९४ मध्ये आपल्याकडे इनपेज हे सॉफ्टवेअर निघाले आणि बघता बघता गल्लोगल्ली उर्दू टायपिंग सुरू झाले. ज्या पत्रिकेला अब्बांना एक रात्र लागे, ती अर्ध्या तासात निघू लागली. दोन-तीन वर्षांत त्यांचे उर्दूचे काम संपले. अब्बा हरले नाहीत, रंगाचा डबा घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. दहा वर्षांनी फ्लेक्स आला आणि तेही काम गेले. एकाच आयुष्यात त्यांच्या हातातली कला दोनदा काढून घेतली गेली.

मी नववीत असताना सरकारी चित्रकला परीक्षेची इंटरमिजिएट ए ग्रेडमध्ये पास झाले होते. ड्रॉईंगच्या सरांनी घरी येऊन सांगितले, "हिला मुंबईला जे.जे.ला पाठवा." अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, हाताच्या कलेवर पोट भरत नाही, हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत?" ते रागावून बोलले नव्हते, म्हणून मला उलट उत्तरही देता आले नाही. मी बी.ए. केले, बी.एड. केले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. मला नोकरी मिळाली, घराला आधार झाला, अल्हम्दुलिल्लाह. मी तक्रार करत नाही. पण माझा रंगाचा डबा कधी वाळला, ते माझ्याही लक्षात आले नाही.

भाईजानांची मोठी मुलगी अब्बांच्या मांडीवर वाढली. तिला बोरू तासायला त्यांनीच शिकवले. ती बारा वर्षांची असताना त्यांचा इंतकाल झाला. बारावी सायन्सला तिला चांगले गुण पडले, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फुफी, मला डिझाइनला जायचंय. तुम्ही अब्बूंना सांगा. तुमचं ते ऐकतात."

मी तिला काय उत्तर दिले असेल? अब्बांचेच वाक्य मी तिला ऐकवले. शब्दसुद्धा बदलले नाहीत. "बेटा, हाताच्या कलेवर पोट भरत नाही." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर माझ्या ओळखीची होती. नववीतल्या मुलीने ड्रॉईंगच्या सरांकडे अशीच पाहिले होते.

ती गप्पपणे इंजिनिअरिंगला गेली. सोलापुरातच मेकॅनिकलची पदवी घेतली. शेवटच्या वर्षाला तिने घरी न विचारता एक परीक्षा दिली. तिचे नाव 'सीड'. पदवीधरांना डिझाइनच्या पुढच्या शिक्षणासाठी द्यावी लागते ती ही प्रवेश परीक्षा आणि ती आयआयटी मुंबई घेते. तिचा एक भाग काँप्युटरवर सोडवायचा असतो आणि दुसऱ्यात कागदावर हाताने चित्र काढायचे असते. निकाल आला, प्रवेशाचे पत्र आले आणि त्यावर "आयआयटी" ही तीन अक्षरे दिसल्यावर भाईजानांचा विरोध एका दिवसात विरघळला. त्या रात्री पोरगी मला म्हणाली, "फुफी, अब्बूंनी मला परवानगी दिली की आयआयटीला दिली?" मला उत्तर सुचले नाही.

नातेवाइकांत कुणी विचारलेच की पोरगी माणसांची चित्रे काढते का, ते चालते का, तर आम्ही घाईघाईने सांगायचो, "नाही नाही, ती अक्षरांचं काम करते." ते खरे होते. पण आम्ही ते खरे सांगण्यासाठी सांगत नव्हतो, बाजू सांभाळण्यासाठी सांगत होतो.

आयआयटीत डिझाइनचे काय काम, हा प्रश्न मलाही पडला होता. मग मी माहिती काढली. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सुरू झाली आणि पवईच्या त्याच आवारात १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी निघाले. यंत्र बनवता आले तरी ते माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि खिशाला मानवले पाहिजे, याचा अभ्यास करणारी ही शाळा. तिची उभारणी करणाऱ्यांतले सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे.जे.त शिकले होते आणि पुढे जर्मनीत उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत. सुलेखनकार र. कृ. जोशी तिथे शिकवत असत. काँप्युटरवर आपण मराठी ज्या 'मंगल' अक्षरात वर्षानुवर्षे वाचत आलो, ते अक्षर त्यांनी घडवले. आणि रुपयाचे चिन्ह? २०१० मध्ये केंद्र सरकारने जे चिन्ह स्वीकारले, ते उदय कुमार यांनी तयार केले, तेव्हा ते याच आयडीसीत पीएच.डी. करत होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांना त्यांनी एका रूपात आणले. मी हे भाईजानांना सांगितले आणि म्हटले, "खिशातली नोट काढा. तुमच्या खिशात अक्षरांचं काम रोज असतं." त्यांनी नोट उलटसुलट पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली. बोलले काही नाहीत.

दुसऱ्या वर्षी भाचीने शेवटच्या प्रकल्पासाठी विषय निवडला: उर्दू शाळेतील मुलांना देवनागरी शिकवण्याची साधने. तिने मला फोन केला, "फुफी, तुमच्या पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्याल का? तीन आठवडे."

मला गंमत वाटली. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. मनात म्हटले, वीस वर्षे मी हेच शिकवते आहे, ही मला काय सांगणार? पहिल्याच दिवशी तिला मी माझा सिद्धांत ऐकवला. आमच्या मुलांना उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असते, म्हणून त्यांची देवनागरी उलटसुलट होते. "दिवस" लिहायला सांगितले की "दविस" लिहितात. "दिल" सांगितले तर "दलि" लिहितात. पालक भेटायला आले की मीच त्यांना सांगत असे, "घरी उर्दू जास्त होतं, म्हणून मराठी बिघडतं."

तिने ऐकून घेतले. वाद घातला नाही. तीन आठवडे मागच्या बाकावर बसून ती मुलांच्या वह्यांतल्या चुका एकेक करून उतरवून घेत राहिली. कोणते अक्षर, शब्दात कितवे, आधी काय लिहिले, नंतर काय खोडले. मग ती शेजारच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन बसली. परत आल्यावर तिने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर आमच्या मुलांचे शब्द होते, दुसऱ्यावर मराठी शाळेतल्या लहान मुलांचे. दोन्हीकडे "दविस" होते.

"फुफी, मुलं उलटं लिहीत नाहीत," ती म्हणाली. "ती ऐकतात तसं लिहितात. 'दि' म्हणताना आधी काय ऐकू येतं? द. मग इ. म्हणून मूल आधी द लिहितं, मग वेलांटी. पण पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी लिहावी लागते आणि उच्चारात नंतर येते. मुलानं ती द नंतर काढली की ती पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. मूल चुकलेलं नाही. ते आवाजाशी प्रामाणिक आहे."

मी त्या कागदांकडे पाहत राहिले. ती पुढे म्हणाली, "मराठी मुलांच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या पाट्या असतात, घरात वर्तमानपत्र असतं. बघून बघून त्यांची सवय सुटते. आपल्या मुलांना एवढं बघायला मिळत नाही. उर्दूचं म्हणाल तर उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. म्हणून त्यांना ऱ्हस्व मात्रा लिहायची सवयच नसते. ते शिकवावं लागेल. पण उजवं-डावं हा दोषच नाही."

वीस वर्षे मी आई-वडिलांना त्यांच्या घरच्या भाषेबद्दल दोष देत आले होते. त्यातल्या काही आयांनी मुलांशी उर्दूत बोलणेच कमी केले असेल. मला त्या रात्री झोप लागली नाही. वर्गातली ती मुले आठवत होती, ज्यांच्या वहीत मी "दविस" वर लाल गोल काढून बाजूला "नीट ऐक" असे लिहिले होते. ती तर नीट ऐकतच होती.

भाचीने यावर जे साधन बनवले ते अगदी साधे होते. लाकडी अक्षरांचे ठोकळे. त्यात पहिल्या वेलांटीचा ठोकळा एकटा उभा राहत नाही. त्याची कमान पुढे आलेली आहे आणि तिच्याखाली खाच आहे. मुलाने आधी द चा ठोकळा घ्यायचा, म्हणजे आवाजाच्या क्रमानेच सुरुवात करायची, आणि मग वेलांटीच्या पोटात तो सरकवायचा. "दि" हा एक तुकडा होतो. पुढच्या अक्षराला तो चिकटतच नाही. कमान कुणाची आणि कुणासाठी, हे बोटांना कळते.

पहिल्या वेळी आणलेल्या ठोकळ्यांत खाच सैल होती, अक्षर गळून पडायचे. दुसऱ्या वेळी इतकी घट्ट की मुलांना जोर लावावा लागला आणि एका पोराने दात लावले. वर्ग खूप हसला. मेकॅनिकलमध्ये शिकलेले माप तिने तिथे वापरले. खाच किती ठेवायची, लाकूड पावसाळ्यात किती फुगते, हे तिने पवईच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा कापून पाहिले. तिसऱ्या वेळी ठोकळे बसले. सोबत तिने वाचनाची एक लहान पुस्तिकाही केली. तिच्यासाठी अक्षरे स्वतः घडवली आणि त्यात 'ल' आणि 'श' मराठी पद्धतीचे ठेवले. कारण पाठ्यपुस्तकात मूल एक 'ल' शिकते आणि मोबाईलवर बहुतेक वेळा त्याला हिंदी वळणाचा दुसराच 'ल' दिसतो. मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे राज्य सरकारने २००९ मध्ये ठरवून दिली आहेत. पण ती रूपे प्रत्येक पडद्यावर पोहोचलेली नाहीत.

शेवटी पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन ठरले. भाचीचा फोन आला, "दादीलाही आणा." सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आम्ही रात्री निघालो, अम्मी, भाईजान, भाभी आणि मी. सकाळी ठाण्याला उतरून लोकलने कांजूरमार्ग आणि तिथून रिक्षाने पवई. आवारात शिरताना भाईजानांनी कोटाची बटणे लावली. मोठमोठ्या विभागांच्या पाट्या होत्या: केमिकल, एरोस्पेस, सिव्हिल. त्या वाचताना त्यांची मान ताठ झाली. मग आयडीसीची इमारत आली आणि ते थोडे मागे राहिले.

आत प्रत्येक विद्यार्थ्याचा कोपरा होता. कुणी ऊसतोडणी करणाऱ्या बायांसाठी कोयत्याची मूठ केली होती, मनगट दुखू नये म्हणून. कुणी आपल्या आजीच्या आठवणींवर ॲनिमेशनची फिल्म केली होती. एका मुलाने बँकेच्या मशीनचा पडदा असा केला होता की लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही पैसे काढता यावेत. त्या मुलांचे चेहरे मी पाहत होते. कुणी इंजिनिअरिंग करून आले होते, कुणी आर्किटेक्चर, कुणी जे.जे.सारख्या कलाशाळेतून. सगळ्यांच्या डोळ्यांत झोप होती आणि सगळ्यांच्या बोटांना फेव्हिकॉल लागलेला होता. मोठ्या इमारतींच्या त्या आवारात ही मुले थोडी पाहुण्यासारखी वाटतात, असे भाचीने मला सांगितले होते. "तिकडचे मित्र विचारतात, तुम्ही दिवसभर रंग भरता ना?" पण त्या दिवशी त्याच विभागांतले विद्यार्थी रांगेने येऊन कोयत्याची मूठ हातात धरून बघत होते.

भाचीच्या कोपऱ्यात ठोकळे होते, पुस्तिका होती, माझ्या वर्गातल्या मुलांच्या चुकांचा मोठा तक्ता होता. नावे काढून टाकली होती, पण मला हस्ताक्षरे ओळखू येत होती. आणि सर्वांत आधी, डाव्या हाताला, काचेखाली अब्बांचा पत्र्याचा डबा होता. दोन चिंध्या उलगडून बोरू मांडले होते, उर्दूचे एका बाजूला, देवनागरीचे दुसऱ्या बाजूला. खाली मराठी, उर्दू आणि इंग्रजीत एक ओळ होती: "माझे आजोबा सोलापुरात कातिब होते. अक्षर मोजायला मी त्यांच्याकडे शिकले."

अम्मीने काचेवर हात ठेवला आणि विचारले, "हा डबा माझ्या ट्रंकेतून कधी काढलास?" भाची म्हणाली, "ईदला, दादी. तुम्ही झोपला होता." अम्मीने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि तो हात तिथेच राहू दिला.

भाईजान त्या ओळीसमोर खूप वेळ उभे होते. तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आले. पाहुणे असावेत किंवा परीक्षक. त्यांनी ठोकळे जोडून पाहिले, भाचीला बरेच प्रश्न विचारले आणि मग काचेखालच्या डब्याकडे बोट दाखवून भाईजानांना म्हणाले, "हे तुमच्या घरातले?" भाईजानांनी घसा साफ केला. "माझे वडील," ते म्हणाले. "ते अक्षरं लिहायचे." एवढेच. पण अब्बांच्या धंद्याबद्दल परक्या माणसाशी ते इतके बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

मी मात्र तिथे भाचीला बाजूला घेतले. म्हटले, "बेटा, बारावीनंतर तू माझ्याकडे आली होतीस. तेव्हा मी तुला चुकीचं उत्तर दिलं. मला माफ कर." ती गडबडली. मग म्हणाली, "फुफी, इंजिनिअरिंग केलं म्हणून तर खाचेचं माप जमलं." मोठ्यांची बाजू राखायची, हे संस्कार तिने इथेही पाळले. पण चार वर्षे तिने मन मारून काढली, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. हाताची कला पोट भरत नाही, असे अब्बा म्हणाले ते त्यांच्या अनुभवातून. त्यांचे दुःख खरे होते. ते दुःख मी न तपासता पुढच्या पिढीच्या हाती नियम म्हणून दिले, ही माझी चूक. अब्बांचे काम यंत्राने नेले, त्यांची नजर आणि त्यांचे माप यंत्राला नेता आले नाही. उलट, त्या यंत्रात अक्षर बसवायला तीच नजर असलेला माणूस लागतो. अलिफ तीन ठिपके उंच, हे गणितही होते आणि कलाही होती. आमच्या घरात या दोन गोष्टी एकाच डब्यात होत्या. त्या वेगळ्या आम्ही केल्या, लोक काय म्हणतील म्हणून.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. भाचीला नोकरी लागली ती बंगळूरच्या एका कंपनीत, मोबाईलवरच्या पडद्यांची मांडणी करण्याची. पगार चांगला आहे, काम आवडते म्हणते. पण ठोकळे बनवायला अजून कुणी पुढे आलेले नाही. एक संच माझ्या वर्गात आहे, त्यातले दोन 'क' हरवले आहेत आणि पुस्तिका आम्ही झेरॉक्स काढून वापरतो. तरीही वर्गातले "दविस" कमी झाले आहे. आणि पालकसभेत मी आता वेगळे बोलते. "घरी उर्दू बोला, मनसोक्त बोला. मराठी आपण शाळेत नीट शिकू." पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा एक आई चकित झाली. "मॅडम, मागच्या वर्षी तर तुम्हीच नको म्हणाला होतात!" मी म्हटले, "मागच्या वर्षी मी चुकले होते." वर्गात, मुलांसमोर, शिक्षकाने हे म्हणणे सोपे नसते. पण म्हणून पाहा, जमते.

वाचक भगिनी-बंधूंना दोन गोष्टी कळवाव्याशा वाटतात, कारण आम्हाला त्या वेळेवर कळल्या नव्हत्या. एक, बारावीनंतर थेट डिझाइनच्या पदवीला जाण्यासाठी 'यूसीड' ही परीक्षा २०१५ पासून आहे. ती कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते. दुसरी, 'सीड' पदवीनंतर देता येते, मग ती पदवी कोणत्याही विषयाची असो. आधी इंजिनिअर होणे सक्तीचे नाही. ज्या मुलाला आकडेमोड आवडते त्याला तिकडे जाऊ द्या आणि ज्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर सारखी नक्षी सापडते, तिला रागावण्याआधी ते पान एकदा नीट पाहा.

परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवर एक कुटुंब होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "मुंबईला कुठे गेला होता?" भाईजान म्हणाले, "मुलीला पदवी मिळाली, आयआयटीत." मी वाट पाहत होते. समोरच्याने "वा! इंजिनिअर?" म्हटले. भाईजान क्षणभर थांबले. मग म्हणाले, "नाही. डिझाइन. अक्षरांचं काम करते, मुलांसाठी. आमच्या वडिलांचाच धंदा."

अम्मी वरच्या अंगाला तोंड करून झोपल्यासारखी पडली होती. पण तिची तसबीह थांबली होती, ती ऐकत होती.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी मुख्याध्यापकांकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचे फॉर्म मागितले. आमच्या शाळेतून बरीच वर्षे कुणी बसले नव्हते. अकरा मुलींनी नावे दिली. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही एका वर्गात बसतो. मीही बसते. रंगाचा डबा नवा आणला आहे.